गाडीवरचा काळा-पांढरा चौकोन

२५ मार्च २०२० ला कोरोनामुळे देश बंद झाला, तेव्हा मोर्शी-वरुड पट्ट्यात मृग बहाराच्या संत्र्याचा हंगाम होता. बाजार थंडावले आणि लोक नोटेला हात लावायलाही धास्तावले. याच काळात किराण्याच्या काउंटरवर, फळांच्या गाडीवर क्यूआर कोडचा चौकोन चिकटू लागला.

हा कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत, मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी जन्मला. त्याच्या तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन कॅमेऱ्याला दिशा सांगतात, म्हणून फोन कसाही धरा, कोड वाचला जातो. माहितीसोबत दुरुस्तीचं गणितही त्यात भरलेलं असतं. सर्वांत मजबूत प्रकारात सुमारे ३० टक्के भाग मळला-फाटला तरी चालतं. धूळ आणि रसाचे डाग सोसणाऱ्या गाडीला याहून योग्य काय!

मला खरी खुबी वेगळीच वाटते. दुकानदाराच्या कागदावर मुख्यतः त्याचा यूपीआय पत्ता असतो. इंटरनेट, बॅटरी, ॲप हे सगळं गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये. महागडं यंत्र नको, आणि १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्कही नव्हतं. एप्रिल २०२० मध्ये शंभर कोटींखाली घसरलेले देशभरातले व्यवहार मार्च २०२१ मध्ये २७३ कोटींवर गेले.

अडचण उरली खात्रीची. रेंज जायची, मेसेज उशिरा यायचा. ही अडचण रक्कम मोठ्याने सांगणाऱ्या डबीने सोडवली. तिच्या पोटात स्वतःचं सिमकार्ड असतं, त्यामुळे निरोप थेट तिलाच येतो, दुकानदाराचे हात संत्रे तोलण्यात गुंतलेले असले तरी.