दारातले चाळीस रुपये: सर्व्हरच्या कोडमधून ब्राउझरची स्क्रिप्ट

आधी एक कबुली. ऑडिओमध्ये मी कोड तोंडी सांगितलाय, आणि परत ऐकताना तो माझा मलाच कळला नाही. म्हणून इथं लिहून देतोय. कोडमधली नावं मराठीत ठेवली आहेत आणि ती नुसती गंमत नाही. पायथॉन तीन काय किंवा जावास्क्रिप्ट काय, दोन्हीकडे व्हेरिएबलला देवनागरी नाव खरंच चालतं.

गोष्ट जरीपटक्याची आहे. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो, ही उत्तर नागपुरातली वस्ती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली बरीच कुटुंबं इथं स्थिरावली. त्यातल्याच एका काकांचं पापड, नमकीन, सुक्यामेव्याचं दुकान आहे. काका फोनवर घरच्यांशी सिंधी बोलतात, गिऱ्हाइकाशी हिंदी आणि डिलिव्हरीच्या पोराशी मोडकी मराठी. त्यांच्यासाठी मी ऑर्डरचं छोटं वेबपेज बनवून दिलं होतं. सर्व्हरवर पायथॉन, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट. पाचशेच्या वर ऑर्डर असेल तर डिलिव्हरी फुकट, नाहीतर चाळीस रुपये.

चेटीचंडच्या गर्दीत काका म्हणाले, मर्यादा सातशे कर. मी केली, सर्व्हरवर. ब्राउझरमध्ये तोच नियम दुसऱ्यांदा लिहिलेला होता, तो राहिला. मग सहाशे वीसच्या ऑर्डरला स्क्रीनवर ‘डिलिव्हरी फुकट’ आणि छापील बिलावर चाळीस रुपये. भांडण कुठं? गिऱ्हाइकाच्या दारात. पोरगा मला म्हणाला, “दादा, स्क्रीनवर तर फ्री दाखवते, मंग मी काऊन मागू?” त्यानं मागितलेच नाहीत. संध्याकाळी हिशोब लागेना. काकांनी विचारलं, “बेटा, ये चालीस रुपये किसके?” आणि पोरानं ते खिशातून भरले होते. एका दिवसात तीन वेळा.

नियम दोन भाषांत दोनदा लिहिला की तो कधीतरी फुटतोच. मग एकदाच लिहायचा कसा?

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच मलाही सुचला. पायथॉनमध्येच जावास्क्रिप्टची वाक्यं मजकूर म्हणून जोडायची आणि पेजमध्ये चिकटवायची. दोन दिवस झकास चाललं. मग एका गिऱ्हाइकानं आडनाव इंग्रजीत डिसूझा लिहिलं, डी नंतर वर तो ॲपॉस्ट्रॉफी देऊन. माझ्या जोडलेल्या मजकुरात अवतरणचिन्ह तिथंच बंद झालं, पुढचं आडनाव कोड समजलं गेलं आणि अख्खं पेज ठप्प. हे साधं नाव होतं म्हणून बरं. तिथं कुणी मुद्दाम स्क्रिप्ट लिहून ठेवली असती, तर ती दुसऱ्याच्या मोबाइलवर चालली असती. मजकूर जोडून कोड बनवण्यात हीच अडचण आहे: डेटा कुठं संपतो आणि हुकूम कुठं सुरू होतो, हे मजकुराला माहीत नसतं.

दुसरा उपाय म्हणजे आजचा विषय, एम्बेडेड लँग्वेज. मी तिला पोटभाडेकरू भाषा म्हणतो. नवी भाषा, पण स्वतःचं घर नाही. व्याकरण, एडिटर, एरर दाखवायची सोय, सगळं घरमालकाचं, म्हणजे इथं पायथॉनचं. कल्पना नवी नाही. पॉल हुडाक यांचा या प्रकारच्या भाषांवरचा गाजलेला लेख १९९६चा आहे.

माझी भाषा अशी दिसते:

बेरीज = नग * दर
भाडं = जर(बेरीज >= मर्यादा, शून्य, चाळीस)

बघायला साधं पायथॉन. पण इथं ‘नग’ हा आकडा नाही, ‘पुढं कधीतरी येणारा आकडा’ असं लिहिलेली एक वस्तू आहे. तिला गुणलं की गुणाकार होत नाही, गुणाकाराची नोंद होते. बेरीज म्हणजे एक झाड: वर गुणाकार, खाली दोन फांद्या, नग आणि दर. पायथॉनमध्ये गुणाकाराच्या चिन्हाचा अर्थ आपल्या वस्तूपुरता बदलता येतो, सगळी जादू एवढीच. झाड तयार झालं की त्याच्याकडून दोन कामं घ्यायची. एक भाग ते चालून जावास्क्रिप्ट छापतो. दुसरा भाग तेच झाड सर्व्हरवर खरे आकडे घालून सोडवतो. नियम एक, तोंडं दोन. डिसूझांचा ॲपॉस्ट्रॉफीही आता एकाच ठिकाणी सांभाळला जातो, कारण मजकूर हा झाडाचा वेगळ्या जातीचा तुकडा आहे आणि तो छापणारं फंक्शन एकच आहे.

इथपर्यंत मी खूश होतो. मग घरमालकाचे नियम आडवे आले.

पायथॉनमध्ये गुणाकार, बेरीज, तुलना यांचे अर्थ बदलता येतात. ‘इफ’ आणि ‘अँड’ यांचे येत नाहीत. म्हणून वर ‘जर’ हे वेगळं फंक्शन लिहावं लागलं. ते चालून गेलं असतं, पण मी हौसेनं असं लिहिलं:

एक <= नग <= वीस

म्हणजे नग एक ते वीसच्या मध्ये हवेत. पायथॉन हे वाक्य गुपचूप दोन तुलनांत तोडतो आणि मध्ये स्वतःचा ‘अँड’ घालतो. तो ‘अँड’ पहिल्या तुलनेला विचारतो, तू खरी की खोटी? ती तर नुसती नोंद, तिचं उत्तर अजून ठरायचंय. पण पायथॉनमध्ये वेगळं काही सांगितलं नसेल तर कुठलीही वस्तू ‘खरी’ धरली जाते. मग पहिली तुलना टाकून दिली जाते आणि हातात उरतं फक्त ‘नग <= वीस’. एरर नाही, काही नाही. कुणीतरी उणे दोन पाकिटं मागवली आणि बिल कमी झालं! सर्व्हरनंही पास केलं, कारण त्याच्याकडेही तेच झाड. चूक आता दोन्हीकडे अगदी जुळलेली होती.

दुरुस्ती दोन ओळींची. वस्तूला ‘तू खरी की खोटी’ असं कुणीही विचारलं की तिनं तिथंच एरर द्यायची. असली भाषा बनवत असाल तर पहिल्या दिवशी हे करा.

मग आकडेमोड. पन्नास रुपयांवर पाच टक्के सूट म्हणजे अडीच रुपये. पायथॉनचं राउंड २.५ चं २ करतं, कारण ते बरोबर मधल्या आकड्याला जवळच्या सम संख्येकडे नेतं. जावास्क्रिप्टचं मॅथ राउंड ३ देतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, गिऱ्हाइकाला फरक एक रुपयाचा. शिवाय फॉर्ममधून येणारं ५ हे जावास्क्रिप्टला मजकूर वाटतं आणि त्यात ३ मिळवले की ५३ होतात. म्हणून सगळे पैसे मी पूर्ण पैशांत, अपूर्णांकाशिवाय ठेवतो, आणि भागाकार माझ्या भाषेत एकाच पद्धतीचा आहे. झाड छापणं हे सोपं काम होतं. दोन्हीकडे अर्थ तोच राहील हे बघण्यातच माझे सगळे रविवार गेले.

सगळ्यात महागडी चूक मात्र वेगळीच. ‘दर’ सर्व्हरला आत्ता माहीत आहे, ‘नग’ नंतर गिऱ्हाईक भरणार. म्हणजे झाडात दोन काळ एकत्र राहतात. आत्ताचं जे काही झाडात सापडेल ते आकडा बनून पेजमध्ये छापलं जातं. मी आळसानं मालाची पूर्ण नोंदच झाडात दिली होती, त्यात काकांचा खरेदीभावही होता. मित्राला कौतुकानं पेजचा सोर्स दाखवायला गेलो तर कुठल्या पापडावर काका किती कमावतात ते समोर! पोटात गोळा आला. तेव्हापासून नियम असा: ‘पाठव’ असं स्पष्ट लिहिल्याशिवाय आत्ताची कुठलीही किंमत ब्राउझरकडे जात नाही, एररच येते. दोन शब्द जास्त टाइप करावे लागतात. लागू देत.

मोठ्या लोकांनीही हे सगळं करून बघितलंय. २००६ हे त्याचं वर्षच म्हणा: गूगलनं जावा कोडमधून जावास्क्रिप्ट बनवणारं वेब टूलकिट काढलं, रेल्सच्या १.१ आवृत्तीत रूबीतून स्क्रिप्ट पाठवायची सोय आली, आणि एडिनबरामध्ये फिलिप वॉडलर आणि मंडळींनी लिंक्स ही भाषा मांडली, ज्यात सर्व्हर, ब्राउझर आणि डेटाबेस तिघांचं काम एकाच भाषेत होतं. रेल्सनं ती सोय पुढं मुख्य संचातून बाहेर काढली. मला वाटतं, दोन काळांमधली भिंत दिसेनाशी केली की लिहिणाऱ्याला सुरुवातीला मजा येते आणि दुरुस्त करणाऱ्याला नंतर रडू येतं. माझ्या भाषेत ती भिंत ढळढळीत दिसते. कुरूप आहे, मान्य.

आणि हो, ब्राउझरनं काढलेली बेरीज सर्व्हर कधीच खरी मानत नाही. ती गिऱ्हाइकाच्या हातातली गोष्ट आहे, कुणीही बदलू शकतं. सर्व्हर तेच झाड स्वतः पुन्हा सोडवतो.

एक भोक तरीही राहिलं होतं. कुणी रात्री पेज उघडं ठेवलं आणि सकाळी काकांनी मर्यादा बदलली, तर स्क्रीनवर कालचाच नियम. आता प्रत्येक पेजसोबत नियमाचा क्रमांक जातो. ऑर्डर येताना तो जुळला नाही तर सर्व्हर ऑर्डर घेत नाही, नवीन बेरीज दाखवतो आणि विचारतो, चालेल का? भांडायचं तर गिऱ्हाइकानं स्क्रीनशी भांडावं, दारात पोराशी नाही.

त्याचे एकशे वीस रुपये मी परत केले. त्यानं मोजून खिशात घातले आणि म्हणाला, “दादा, आता स्क्रीनवर दिसते तेच बिलात येते ना? मंग ठीक हाय.”