वैद्यकीय सूची : सामाईक किती, निराळे किती?

एखाद्या औषधाविषयी आजवर कोणकोणते प्रयोग झाले हे जाणून घ्यावयाचे असल्यास जगातील सर्व वैद्यकीय नियतकालिके चाळणे कोणासही शक्य नाही. या अडचणीतूनच लेखसूचींचा जन्म झाला. अमेरिकेत जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली ‘इंडेक्स मेडिकस’ ही सूची सुरू केली. १९४६ साली ॲमस्टरडॅम येथे ‘एक्सर्प्टा मेडिका’ ही लेखांचे सारांश प्रसिद्ध करणारी संस्था स्थापन झाली. पुढे संगणकाच्या साहाय्याने पहिलीतून ‘मेडलाइन’ व दुसरीतून ‘एम्बेस’ हे संग्रह निर्माण झाले.

या दोन संग्रहांतील पुष्कळ नोंदी सामाईक आहेत. मग एकच संग्रह पाहून का भागू नये? याचे कारण असे की, प्रत्येक संग्रहाची नियतकालिकांची निवड निराळी, विषयवाचक शब्दांची योजना निराळी आणि नोंदींचा प्रारंभकाळही निराळा असतो. एम्बेसचा विशेष भर औषधांवर आहे. शिवाय एखादा लेख दोन्हींत असला, तरी निराळ्या शब्दांखाली नोंदलेला असल्यामुळे तो एकीत सापडतो व दुसरीत निसटतो.

असे निसटणे जीवावर बेतू शकते. २००१ साली बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील एका प्रयोगात हेक्झामेथोनियम हे द्रव्य श्वासावाटे दिल्यानंतर २४ वर्षांची एक निरोगी स्वयंसेविका मरण पावली. प्रयोगापूर्वी जी सूची पाहिली होती, तिच्यातील नोंदी त्या वेळी १९६६ पासूनच्याच होत्या. फुफ्फुसांना होणाऱ्या इजेचा इशारा देणारे लेख मात्र १९५० नंतरच्या दशकातील होते.

सामाईक भागाचा आणखी एक उपयोग आहे. समजा, एका सूचीत ६० लेख मिळाले, दुसरीत ५० आणि त्यांपैकी ३० दोहोंत समान आहेत. तेव्हा हाती आलेले निरनिराळे लेख ८० होत. आता दुसऱ्या सूचीतील ५० पैकी ३०, म्हणजे पाचांपैकी तीन लेख पहिलीने टिपले. तिने एकंदर लेखांपैकीही तेवढाच हिस्सा टिपला असे मानल्यास एकूण लेख सुमारे १०० असावेत. म्हणजे सुमारे २० अद्याप सापडावयाचे आहेत. दोन्ही सूची साधारणतः तेच लेख टिपत असतील, तर राहिलेल्यांची खरी संख्या याहूनही अधिक असेल.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५८ समालोचनांतील १,७४६ संदर्भ तपासण्यात आले. त्यांपैकी २९१ संदर्भ, म्हणजे शेकडा सुमारे १७, केवळ एकाच संग्रहात आढळले. यावरून ध्यानात येईल की, पुन्हा पुन्हा येणाऱ्या नोंदी वेगळ्या काढण्याचे श्रम व्यर्थ नव्हेत. कोणती सूची पाहिली, ती कोणत्या वर्षापासूनची आहे आणि कोणते शब्द योजून शोध घेतला, हे लिहून ठेवणे हा शास्त्रीय शोधाचाच एक भाग होय.