गवतातल्या पाहुण्यांची शिरगणती

दसरा उलटला की डहाणू-तलासरीकडे गवत पिवळे पडू लागते, विळे निघतात, भारे बांधले जातात. नेमका याच सुमाराला उत्तरेकडून एक पाहुणा येतो. घारीहून सडपातळ, लांब पंखांचा, लांब शेपटीचा. पंख किंचित वर उचलून तो गवताच्या शेंड्यांवरून अगदी खालून घिरट्या घालतो. पुष्कळजण त्याला घारच समजतात. पुस्तकांत त्याचे नाव भोवत्या. याच्या काही जाती रशिया-कझाकस्तानच्या माळांवर पिले वाढवतात आणि हिवाळा आपल्या देशात काढून होळीच्या आगेमागे परततात.

घार झाडावर झोपते. हा मात्र जमिनीवर, उभ्या गवतात. दिवसभर लांबलांब विखुरलेले भोवत्ये संध्याकाळी एकाच माळावर मुक्कामाला जमतात, म्हणूनच त्यांची मोजदाद करता येते.

अशी मोठी मोजणी खंभातच्या आखातापलीकडे, भावनगर जिल्ह्यातील वेळावदरच्या काळवीट उद्यानात झाली. १९९० च्या दशकात इंग्लंडचे रॉजर क्लार्क आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी सहकाऱ्यांसह तेथे या पक्ष्यांची जगातील विक्रमी संख्या नोंदवली.

काम दिसायला सोपे, पण चिकाटीचे. सूर्यास्ताच्या तासभर आधी माळाच्या चारी बाजूंना माणसे बसतात. ज्याने-त्याने आपल्याच बाजूने आत शिरणारा पक्षी मोजायचा, नाहीतर एकच पक्षी दोघांच्या वहीत चढतो. जो आत जाऊन पुन्हा उडाला आणि बाहेर पडला तो वजा करायचा. करड्या-पांढऱ्या रंगाचा नर लवकर ओळखतो. तपकिरी माद्या आणि पिले मात्र जाणत्यालाही चकवतात. त्यांची जात उगाच ठरवू नये, नुसता आकडा लिहावा. अंधार पडता पडता एकदम गर्दी उडते, तेव्हा चहाची आठवणही काढायची नाही!

सकाळी पक्षी निघून गेले की गवतात त्यांनी ओकून टाकलेल्या गोळ्या सापडतात. त्या फोडल्या की टोळ-नाकतोड्यांचे पाय, उंदरांचे केस, बारीक हाडे निघतात. शेतकऱ्याने वेगळा पुरावा कशाला मागावा?

पण पाहुणे घटत आहेत. बंगळूरच्या 'अॅट्री' संस्थेचे टी. गणेश आणि त्यांचे सहकारी प्रशांत यांनी देशभरातील तीस वर्षांच्या मोजण्या एकत्र केल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात संख्या उतरल्याची चिन्हे दिसली. मुक्कामाचा माळच नांगरला किंवा पेटला, तर पक्ष्याने रात्री टेकायचे कुठे?

आपल्याकडे गवत म्हणजे रोकड. १९४५ च्या वारल्यांच्या लढ्यात गवतकापणीची मजुरी हाच मोठा प्रश्न होता. तेव्हा गवत कापू नका असे कोणी सांगू नये. मात्र सारा माळ एकदम भुईसपाट करण्याऐवजी ज्या तुकड्यात पक्षी उतरताना दिसतील तो शेवटी कापता येतो. गुराख्यांना ही जागा बहुधा आधीच ठाऊक असते, त्यांना विचारावे.

शाळकरी मुलांनाही ही नोंद जमेल. तारीख, गावाचे आणि माळाचे नाव, बसल्याची व उठल्याची वेळ, पक्षी किती, एवढे पुरे. लांबूनच पाहावे, गवतात शिरू नये. एकही पक्षी आला नाही तर वहीत शून्य लिहावे. पुढच्या हिवाळ्यातील आकड्याशी ताडून पाहायला ते लागते.