यंत्राला खोली लागते

साइट ऑफिसात पाऊल टाकलं की आधी बजेट विचारतात. पुण्याजवळच्या वाकडमधल्या एका साइट ऑफिसच्या मागच्या खोलीत मला चष्म्याचा नंबर विचारला गेला.

“लांबचा असेल तर चष्मा राहू द्या, मॅडम. नुसता वाचायचा असेल तर काढून ठेवा. आणि टिकली काढली तर बरं होईल. फोमला चिकटून जाते.”

विचारणारा मुलगा पंचविशीतला. येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर व्हीआर हेडसेट चढवायचा, अजून न बांधलेल्या इमारतीतल्या टू बीएचकेमध्ये त्याला हिंडवून आणायचं आणि हेडसेट उतरवून, पुसून पुन्हा चार्जिंगला लावायचा, हे त्याचं काम. दिवाळी अंकासाठी या यंत्रावर लिहा असं संपादकांनी सांगितलं आणि एक नवाकोरा हेडसेट घरी पाठवूनही दिला. पण खोका फोडण्याआधी रोज अनोळखी डोक्यांवर हे यंत्र बसवणाऱ्या कुणाला तरी भेटावं असं मनात आलं, म्हणून आधी वाकड गाठलं.

हेडसेट डोक्यावर आल्यावर सगळ्यात आधी कळलं ते वजन. अर्ध्या किलोच्या आसपास, आणि त्यातलं बहुतेक नाकासमोर. चित्र कडेकडेनं धूसर दिसत होतं. मुलानं मागचा पट्टा डोक्याच्या फुगवट्याखाली ओढला, पुढचा भाग केसभर वर सरकवला, आणि एकदम सगळं लख्ख झालं. मी चौदाव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये उभी होते. सोफा क्रीम रंगाचा, ओट्यावर फळांची परडी, खिडकीबाहेर प्लास्टिकची वाटावीत अशी झाडं. “बाल्कनीत चला,” मुलगा म्हणाला. मी कठड्यावरून खाली पाहिलं आणि गुडघ्यातली ताकद गेली. आपण तळमजल्यावर, पक्क्या फरशीवर उभे आहोत हे पुरतं ठाऊक असूनही पाय पुढे पडेना. चित्र तर खोटं असल्याचं लपवतही नव्हतं. मग शरीर फसलं कशाला?

चांगल्या चित्राला नव्हे, एवढं नक्की. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दाखवली की वस्तू उठावदार दिसते, हे चार्ल्स व्हीटस्टोननं १८३८ मध्येच आरशांच्या स्टिरिओस्कोपनं दाखवून दिलं होतं. १९३९ साली आलेलं व्ह्यू-मास्टर त्याच तत्त्वावर चालतं. पण व्ह्यू-मास्टर डोळ्यांना लावून मान वळवली तर त्यातला देखावाही मानेबरोबर वळतो. देखावा जागच्या जागी राहायला हवा असेल, तर डोकं कुठे आहे आणि कुठे वळलंय हे यंत्राला सतत कळत राहावं लागतं.

१९६८ मध्ये अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी त्यासाठी सरळ उपाय केला. डोक्यावरच्या उपकरणाला छतातून खाली येणारा धातूचा दांडा जोडला. डोकं हललं की दांडा हले आणि त्याच्या सांध्यांवरून संगणकाला डोक्याचा पत्ता लागे. दिसायचा काय, तर हवेत तरंगणारा रेघांचा ठोकळा. दांड्याचं रूप असं धडकी भरवणारं होतं, की ग्रीक कथेतल्या डॅमोक्लिसच्या डोक्यावर टांगलेल्या तलवारीचं नाव त्याला चिकटलं.

पुढचा अर्धशतकाचा इतिहास मी वाचला तो हा दांडा काढून टाकण्याचा इतिहास म्हणून. निन्टेंडोनं १९९५ मध्ये आणलेल्या व्हर्च्युअल बॉयनं प्रश्नच टाळला. ते स्टँडवर ठेवून त्यात डोळे घालून बसायचं, लाल-काळं चित्र बघायचं, डोक्याच्या हालचालीची दखल नाही. ते आपटलं. २०१२ मध्ये पामर लकी या तरुणानं ऑक्युलस रिफ्ट या हेडसेटसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर पैसे मागितले आणि सुमारे २४ लाख डॉलर जमले. त्याच्या पहिल्या नमुन्याला मान वळलेली कळायची, पण माणूस पुढे वाकलेला कळायचा नाही. २०१४ च्या दुसऱ्या नमुन्यात समोर ठेवायचा कॅमेरा आला. त्याच वर्षी फेसबुकनं लकीची ऑक्युलस ही कंपनी सुमारे २ अब्ज डॉलरना घेतल्याचं जाहीर केलं. २०१६ मध्ये एचटीसी आणि व्हॉल्व्ह यांच्या व्हाइव्हनं खोलीच्या दोन कोपऱ्यांत दोन डबे बसवायला लावले. प्रत्येकात सेकंदाला साठ फेरे घेणारे लेझर. हेडसेटवरच्या ३२ संवेदकांपैकी कुणावर किरण कधी पडला, त्या वेळेवरून डोक्याची जागा काढायची. आणि २०१९ मध्ये ऑक्युलस क्वेस्टनं कॅमेरे हेडसेटवरच बसवून खोलीकडे रोखले. वायर गेली, कोपऱ्यातले डबे गेले, संगणकही गेला.

माझ्या डोक्यावरचं यंत्र याच शेवटच्या जातीचं. त्यात दोन कारागीर एकमेकांच्या चुका दुरुस्त करत असतात, आणि मला या यंत्रातलं सगळ्यात मोहक वाटलं ते हेच. पहिला कारागीर म्हणजे हालचाल मोजणारी चिप. ती सेकंदाला हजारच्या घरात नोंदी घेते, पण तिला भिंती दिसत नाहीत. ती फक्त धक्के मोजते आणि त्यांची बेरीज करत जागेचा अंदाज बांधते. या बेरजेत चूकही वाढत जाते. प्रवेगाच्या मोजमापात सेकंदाच्या वर्गाला एक सेंटिमीटर इतकी बारीक चूक कायम राहिली, तर दहा सेकंदांत यंत्र तुम्हाला अर्धा मीटर बाजूला सरकवून मोकळं होतं. दुसरा कारागीर म्हणजे कॅमेरे. ते मंद, पण त्यांना दाराची चौकट, कपाटाचा कोपरा, पोस्टरची कड दिसते. अशा शेकडो खुणा टिपून ते चिपला सतत भानावर आणतात.

हे सगळं उरकायचं किती वेळात? मान हलल्यापासून बदललेलं चित्र डोळ्यांत शिरेपर्यंत साधारण २० मिलिसेकंदांच्या आत, असा या क्षेत्रातला ढोबळ दंडक आहे. कुणी हाक मारली म्हणून आपण वळून बघतो तेव्हा मान सेकंदाला शंभर अंशांच्या वेगानं सहज फिरते. २० मिलिसेकंदांचा उशीर झाला तरी जग दोन अंश चुकीच्या जागी दिसतं, म्हणजे पौर्णिमेचे चार चंद्र शेजारी शेजारी मांडावेत एवढं. म्हणून यंत्र थोडं भविष्य सांगतं. चित्र दिसेल त्या क्षणी डोकं कुठे असेल याचा अंदाज घेऊन ते आधीच रंगवायला घेतं. रंगवून झाल्यावर, पडद्यावर जाण्याआधीच्या शेवटच्या क्षणी, ताजी नोंद बघून तयार चित्र थोडं फिरवूनही घेतं. शिवाय पडदा पूर्ण वेळ उजळलेला नसतो. प्रत्येक चित्र दोन-तीन मिलिसेकंद चमकतं आणि विझतं, नाहीतर मान वळवताना सगळं फरपटल्यासारखं दिसतं.

बाल्कनीत माझे पाय अडले ते यामुळे. कानाच्या आत तोल सांभाळणारा अवयव आहे, त्याची आणि डोळ्यांची साक्ष जुळली. साक्ष जुळली की झाडं प्लास्टिकची आहेत म्हणून शरीर हरकत घेत नाही. साक्ष फुटली की मळमळतं. मुलगा हे त्याच्या भाषेत सांगतो. “काकूंना स्वतः चालू दिलं तर काही होत नाही. हातातल्या कंट्रोलरनं सरकवलं की पाच मिनिटांत म्हणतात, गरगरतंय.” डोळे सांगतात चाललोय, कान सांगतो उभे आहोत. म्हणून तो कुणालाच सरकवत नाही. एका जागेवरून दुसऱ्या जागी थेट उडी मारायला लावतो आणि वयस्कर गिऱ्हाइकाला फिरत्या खुर्चीवर बसवतो.

त्याची खोली बघण्यासारखी होती. खिडकीला जाड पडदा, कारण भिंगांवर थेट ऊन पडलं तर ते आतल्या पडद्यावर एकवटतं आणि कायमचा डाग पडतो. फरशीवर पिवळ्या टेपचा चौकोन. भिंतींवर प्रकल्पाची रंगीत पोस्टरं दाटीवाटीनं. “लोकांना वाटतं जाहिरात आहे,” तो म्हणाला. “भिंत कोरी पांढरी होती तेव्हा हेडसेट सारखा हरवायचा. कॅमेऱ्याला धरायला काही मिळायचं नाही. म्हणून लावलीत.”

प्रत्येक गिऱ्हाइकानंतर तो सिलिकॉनचं कव्हर पुसत होता. खोबरेल तेल, घाम, पावडर, सगळं त्यावर येतं. हा नुसता टापटिपीचा भाग नाही. २०२१ मध्ये क्वेस्ट २ च्या फोममुळे चेहऱ्यावर पुरळ उठल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा फेसबुकला विक्री थांबवून ग्राहकांना सिलिकॉनची कव्हरं पाठवावी लागली होती.

आता घरचा खोका. तो फोडला आणि लक्षात आलं की वाकडच्या त्या मुलाचं निम्मं काम यंत्र लावण्याआधीच होऊन गेलेलं असतं.

सुरुवात फोनवर. ॲप उतरवा, खातं उघडा, जन्मतारीख द्या, फोन आणि हेडसेट एकाच वायफायवर आणा. मग अपडेट. अर्ध्यात लाइट गेली. हेडसेटला बॅटरी होती, राउटरला नव्हती. पुन्हा पहिल्यापासून. डोक्यावर हेडसेट चढवून पासवर्डचं एकेक अक्षर हवेतल्या कळफलकावर टिपताना मान अवघडली. पासवर्डमध्ये विशेष चिन्ह हवंच असा आग्रह धरणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा करावा.

मग डोळे. दोन बुबुळांमधलं अंतर मोठ्या माणसांत सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं आणि दोन्ही भिंगं तेवढ्याच अंतरावर आणावी लागतात. काही मिलिमीटर चुकलं तरी अक्षरं फुटतात आणि कपाळ ठणकायला लागतं. मी चाक फिरवून जमवलं. मग सासूबाईंनी बघायला मागितला, म्हणून पुन्हा फिरवलं. त्यांच्या अंबाड्यावर मागचा पट्टा बसेना. अखेर अंबाडा सोडून वेणी घातली. “आई, वाचायचा चष्मा काढा,” म्हटलं तर त्यांना पटेना, कारण डोळ्यांपासून पडदा बोटभर अंतरावर. पण भिंगं अशी घडवलेली असतात की डोळ्याला दीडदोन मीटरवरची वस्तू बघावी तसा फोकस धरावा लागतो. वाकडच्या त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच. मात्र आतल्या जगात एखादं फुलपाखरू नाकाशी आलं की दोन्ही बुबुळं आत वळतात आणि फोकस तिथेच दीडदोन मीटरवर अडकलेला राहतो. ही ओढाताण आज बाजारात मिळणाऱ्या हेडसेटना सुटलेली नाही, आणि फार वेळ जवळचं बघितलं की डोळे थकतात ते तिच्यामुळे.

शेवटी खोली. यंत्राला चालण्या-फिरण्यासाठी दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद मोकळी जागा हवी होती. आमच्या हॉलमध्ये दिवाण, सोफा, टीपॉय आणि इस्त्रीच्या कपड्यांची खुर्ची. टीपॉय बाल्कनीत गेला. फरशीवर कंट्रोलरनं सीमारेषा आखली, तर ती पुसून यंत्र पुन्हा आखायला सांगे. समोर आरशाचं कपाट. आरशातली खोली यंत्र खरी धरत होतं. आरशावर चादर टाकली. फरशी चकचकीत, तिच्यातही दिव्यांची प्रतिबिंबं. संध्याकाळी दिवे लावल्यावर चित्र बारीक थरथरू लागलं. सेटिंगमध्ये खोलवर विजेच्या वारंवारतेचा पर्याय सापडला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभरदा मंद-तेज होतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. दिव्यांचं हे मंद-तेज होणं आपल्या डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्यांना कळतं. ५० निवडल्यावर थरथर थांबली.

छताच्या पंख्याचा विचार मात्र यंत्र करत नाही. सीमारेषा जमिनीवर आखतात. हात उंच करून चेंडू झेलण्याच्या खेळात पाती कुठे आहेत हे आपणच ध्यानात ठेवायचं. आम्ही पंखा बंद केला. मग घाम, मग भिंगांवर वाफ. दोनेक तासांत बॅटरी संपली, तेव्हा हॉल पूर्ववत मांडायचं काम उरलंच होतं.

या सगळ्या खटपटीत मला एक गोष्ट स्पष्ट झाली. छतातला दांडा नाहीसा झालेला नाही, त्याचं काम आपल्या खोलीवर सोपवलं गेलं आहे. भिंती, चौकटी, दिवे, पडदे हे आता यंत्राचे सुटे भाग आहेत. त्यामुळे ते नीट चालावं तर घर नीट असावं लागतं, आणि नीट म्हणजे मोकळं, सारख्या उजेडाचं, आरसे नसलेलं. वाकडच्या मुलाला हे जमतं, कारण त्याची खोली दुसऱ्या कशासाठीच वापरली जात नाही. हॉलमध्येच जेवणाऱ्या, झोपणाऱ्या आणि अभ्यास करणाऱ्या घराला ते रोज जमायचं नाही.

आणि सदरलँडचा दांडा प्रयोगशाळेच्या मालकीचा होता. खोली आपली आहे, पण तिचा नकाशा कॅमेरे बनवतात. तो हेडसेटमध्येच राहतो की बाहेर जातो, हे आपण न वाचता मान्य केलेल्या अटींवर ठरतं. २०२० मध्ये क्वेस्ट २ घेणाऱ्यांना फेसबुकचं खातं सक्तीचं झालं होतं, ओरड झाल्यावर २०२२ मध्ये ही अट निघाली. विकत घेतलेल्या वस्तूच्या अटी विक्रीनंतरही बदलू शकतात, हे त्यातून घ्यायचं.

तेव्हा घ्यावं का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर असं: बाल्कनीतला तो क्षण खरा आहे, एकदा अनुभवावाच, पण आधी दुसऱ्याच्या खोलीत. आवडलं तर घरी येऊन टेप घ्या आणि हॉल मोजा. दोन मीटर बाय दोन मीटर रोज मोकळे निघत असतील तर किंमत बघा. निघत नसतील तर नवं मॉडेल हलकं झालंय की स्वस्त, यानं काही फरक पडणार नाही.