बारभाईंची खेती आणि भूमीवरचा सूर्य

दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांतात, कादाराश या ठिकाणी, एक अजस्र यंत्र उभे राहत आहे. पुरे झाल्यावर त्याचे वजन तेवीस हजार टनांच्या घरात जाईल. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनची अणुकेंद्रे एकमेकांत मिसळून जी ऊर्जा मुक्त होते, ती पृथ्वीवर माणसाच्या ताब्यात राहून मिळू शकेल काय, याची परीक्षा येथे व्हावयाची आहे. प्रकल्पाचे नाव ‘इटर’. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘वाट’ असा होतो.

या प्रकल्पाविषयी जे काही छापून येते ते बहुधा दोन आकड्यांभोवती फिरते. एक आकडा तपमानाचा, पंधरा कोटी अंश सेल्सिअसचा. दुसरा खर्चाचा, अब्जावधी युरोंचा. या दोन आकड्यांच्या मध्ये जी माणसे उभी आहेत त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. पदार्थविज्ञानात त्याला अधिकार नाही. परंतु जमाखर्चाच्या वहीत ही माणसे कोणत्या बाजूला मांडावयाची, हा प्रश्न अर्थशास्त्राचाच आहे.

सैनिकाचे पत्र

या कथेचा आरंभ एखाद्या भव्य प्रयोगशाळेत झालेला नाही. १९५० साली सोविएत संघाच्या पूर्व टोकावरील साखालीन बेटावर ओलेग लाव्हरेंत्येव्ह नावाचा एक तरुण सैन्यात नोकरी करीत होता. महाविद्यालयाची पायरीही तो तोवर चढलेला नव्हता. अणुसंमीलनाची ऊर्जा उद्योगासाठी कशी वापरता येईल याविषयीची आपली कल्पना त्याने थेट मॉस्कोला लिहून पाठविली. ते टिपण अभिप्रायासाठी आंद्रेइ साखारॉव्ह यांच्यापुढे आले. त्यातील योजना त्यांना जशीच्या तशी पटली नाही. पण त्या वाचनाने त्यांच्या विचाराला चालना मिळाली. तप्त वायूला भिंतीचा स्पर्श होऊ न देता चुंबकीय क्षेत्रात कोंडून ठेवण्याची कल्पना त्यांनी आपले गुरू इगॉर ताम यांच्यासह मांडली. मेदूवड्याच्या आकाराच्या पोकळीत हा वायू फिरता ठेवणारे ‘टोकामाक’ यंत्र त्यातूनच पुढे जन्मास आले.

त्या काळी हे सर्व गुपित होते, आणि अमेरिका व ब्रिटन यांचेही प्रयत्न गुप्तच होते. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयी जी जागतिक परिषद भरली, तिचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा होते. येत्या दोन दशकांत अणुसंमीलनाची ऊर्जा नियंत्रित स्वरूपात मिळविण्याचा मार्ग सापडेल, असे भाकीत त्यांनी अध्यक्षपदावरून केले. ज्या विषयाचा उच्चार बडी राष्ट्रे उघडपणे करीत नव्हती, तो मुंबईच्या या शास्त्रज्ञाने जगाच्या चव्हाट्यावर आणला. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९५६ मध्ये, सोविएत अणुकार्यक्रमाचे प्रमुख इगॉर कुर्चाटॉव्ह यांनी ब्रिटनमधील हार्वेल येथे जाऊन आपल्या देशातील संशोधन खुले केले. १९६८ मध्ये सोविएत शास्त्रज्ञांनी टोकामाकमध्ये विलक्षण तपमान गाठल्याचे जाहीर केले, तेव्हा पश्चिमेकडील अनेकांचा त्यावर विश्वास बसेना. मग शीतयुद्ध चालू असतानाच, १९६९ मध्ये, ब्रिटनच्या कल्हॅम प्रयोगशाळेतील एक चमू आपली लेसर उपकरणे घेऊन मॉस्कोला गेला. त्याने स्वतः मोजमाप केले, आणि सुमारे एक कोटी अंशांचा दावा खरा ठरला.

नोव्हेंबर १९८५ मध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह जिनिव्हा येथे भेटले, तेव्हा संयुक्त अणुसंमीलन प्रकल्पाची सूचना पुढे आली. तिच्या मागे गोर्बाचेव्ह यांचे वैज्ञानिक सल्लागार येव्गेनी वेलिखॉव्ह यांची प्रेरणा होती. हे वेलिखॉव्ह पुढे इटरच्या परिषदेचे अध्यक्षही झाले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये निवर्तले. ज्या यंत्रासाठी त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे वेचली, ते सुरू झालेले त्यांना पाहावयास मिळाले नाही.

वस्तुरूप वर्गणी

‘बारभाईंची खेती, काय लागेल हाती?’ ही म्हण आपल्याकडे प्रसिद्ध आहे. इटरचा कारभार पाहिला की ती आठवल्यावाचून राहत नाही. २१ नोव्हेंबर २००६ रोजी पॅरिस येथे झालेल्या करारावर युरोपीय संघ, अमेरिका, रशिया, जपान, चीन, दक्षिण कोरिया आणि भारत यांच्या सह्या आहेत. उभारणीच्या खर्चातील सुमारे ४५ टक्के वाटा युरोपचा, आणि उरलेल्या सहांपैकी प्रत्येकाचा सुमारे ९ टक्के. यातील फार मोठा भाग रोख रकमेत द्यावयाचा नसून प्रत्यक्ष वस्तूंच्या रूपाने द्यावयाचा आहे. एकाने चुंबक करावयाचे, दुसऱ्याने पात्राचे भाग करावयाचे. आणि कित्येकदा एकच वस्तू दोघा-तिघांनी वाटून घ्यावयाची.

रूढ अर्थशास्त्राला ही रचना मान्य होणार नाही. जो सर्वांत स्वस्त आणि चांगले करील त्याला काम द्यावे, हा श्रमविभागणीचा पहिला धडा. एका यंत्राचे भाग अनेक देशांत विखुरले की खर्च वाढतो आणि विलंबही होतो. तसे घडलेही. अमेरिका १९९०च्या दशकाच्या अखेरीस बाहेर पडली आणि २००३ मध्ये परत आली. यंत्र फ्रान्समध्ये असावे की जपानमध्ये, हा वाद जून २००५ पर्यंत चालला. नोव्हेंबर २०२२ मध्ये निर्वात पात्राच्या भागांच्या कडा मापात नसल्याचे आणि उष्णतारोधक कवचाच्या नळ्यांना चिरा गेल्याचे जाहीर करावे लागले, आणि जागेवर बसविलेला एक प्रचंड भाग पुन्हा उचलून बाहेर काढावा लागला. त्याच वर्षी मे महिन्यात प्रकल्पाचे महासंचालक बर्नार बिगो पदावर असतानाच निधन पावले होते. त्यांच्या जागी आलेल्या प्येत्रो बाराबास्की यांनी दोष जगापुढे ठेवले आणि दुरुस्ती हाती घेतली. जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकानुसार संशोधनाचा आरंभ २०३४ मध्ये, आणि ड्यूटेरियम व ट्रिटियम या खऱ्या इंधनाचे प्रयोग २०३९ मध्ये व्हावयाचे आहेत. पन्नास मेगावॉट उष्णता आत घालून पाचशे मेगावॉट मिळवावी, हे उद्दिष्ट आहे. परंतु या यंत्रातून वीज अशी काढली जाणार नाही. वीज देणारे केंद्र ही त्यापुढची पायरी आहे.

मग ही वस्तुरूप वर्गणी स्वीकारली कशासाठी? कारण सहभागी देशांना यंत्रापेक्षाही ते करण्याची विद्या हवी होती. जो रोख पैसे देतो त्याला पावती मिळते. जो स्वतः वस्तू घडवितो त्याच्या घरी कारागीर तयार होतो. वाढलेल्या खर्चाचा मोठा हिस्सा ही या शिक्षणाची फी आहे. आणि जी राष्ट्रे एरवी एकमेकांकडे पाठ फिरवून उभी असतात, त्यांना येथे एकमेकांचे माप बिनचूक जुळवावे लागते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले, त्यानंतरही रशियात तयार झालेले एक प्रचंड वर्तुळाकार चुंबक २०२३ च्या आरंभी फ्रान्सच्या बंदरात उतरले. ज्या लाव्हरेंत्येव्हच्या पत्राने ही कथा सुरू झाली, त्याचे पुढील आयुष्य युक्रेनमधील खार्किव्ह येथे संशोधनात गेले. ते शहर या युद्धात होरपळून निघाले. विज्ञान युद्ध थांबवू शकत नाही, हे खरे. पण युद्धातही तुटू न दिलेला एक धागा येथे दिसतो, तोही खरा.

आपला वाटा

भारत या प्रकल्पात डिसेंबर २००५ मध्ये सामील झाला. संपूर्ण यंत्राला वेढणारे, सुमारे तीस मीटर उंच आणि तितकेच रुंद असे पोलादी पात्र आपल्या वाट्याला आले. मुंबईत १९३८ मध्ये दोन डॅनिश अभियंत्यांनी स्थापन केलेल्या लार्सन अँड टुब्रो कंपनीच्या हजिरा येथील कारखान्यात त्याचे तुकडे घडले, समुद्रमार्गे फ्रान्सला गेले, आणि तेथे जोडले गेले. त्याचा साडेबाराशे टनांचा तळ मे २०२० मध्ये, जग महामारीने ठप्प झालेले असताना, जागेवर बसविण्यात आला. या कामामागे गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. प्रेधिमान काव यांनी ती उभी केली. अठराव्या वर्षी डॉक्टरेट मिळविलेला हा शास्त्रज्ञ अमेरिकेतील प्रिन्स्टनचे काम सोडून मायदेशी आला, आणि १९८९ मध्ये ‘आदित्य’ हे टोकामाक येथे कार्यान्वित झाले. काव २०१७ मध्ये गेले. त्यांनी लावलेल्या या रोपट्याची पाळेमुळे आज कादाराशपर्यंत पोहोचली आहेत.

गरीब देशाने हा खर्च का करावा, असा प्रश्न सुजाण वाचक विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे. व्याजाचा दर दहा टक्के धरला तर पन्नास वर्षांनी मिळणाऱ्या शंभर रुपयांची आजची किंमत एक रुपयाहूनही कमी भरते. या हिशेबाने इटर तर राहोच, कोणी आंब्याची कोयसुद्धा पेरणार नाही. हिशेब चुकीचा नाही. पण तो अपुरा आहे. त्यात केवळ अंतिम फळ मोजले जाते. वाटेत तयार झालेला वेल्डर, मिलिमीटरचा अंश सांभाळणारा आरेखक, अनेक देशांच्या अभियंत्यांशी वाद घालून आपले म्हणणे पटवून देणारा तरुण संशोधक, यांना त्या वहीत रकाना नाही. हे उत्पन्न मात्र पन्नास वर्षांनी यावयाचे नाही. ते आजच हाती येत आहे.

परंतु हे उत्पन्न आपोआप टिकत नाही. हजिऱ्याला जे पात्र तयार झाले त्यासारखे दुसरे लगेच कोणी मागणार नाही. त्या कामात तयार झालेली माणसे पुढे योग्य कामावाचून विखुरली, तर फी भरूनही विद्या गेली असे होईल. म्हणून इटरवर भारताने किती कोटी खर्च केले, एवढेच संसदेत विचारून भागणार नाही. त्या खर्चातून किती माणसे शिकली, ती आज कोठे आहेत, आणि त्यांच्या हाताखाली कोण शिकत आहे, हेही दरवर्षी विचारले गेले पाहिजे. हा ताळेबंद मांडला गेला नाही, तर बारभाईंची खेती पिकूनही आपल्या वाट्याचे धान्य शेतातच राहील.

भाभांची दोन दशके १९७५ मध्येच सरली. त्यांचे भाकीत चुकले म्हणून हसणे सोपे आहे. पण वीस वर्षांत फळ हाती येईल या आशेने ज्यांनी आरंभ केला, त्यांच्या मागून आलेल्यांनी फळ आपल्या हयातीत मिळणार नाही हे जाणूनही काम सोडले नाही. पहिल्यांपाशी उमेद होती, दुसऱ्यांपाशी निष्ठा. राष्ट्राला दोन्ही लागतात. आणि यांतील दुसरी वस्तू कोणत्याही करारान्वये परदेशातून आणता येत नाही.