पाहुणा मासा

गळ टाकून बसलेल्या माणसाकडे आपल्याकडे कोणी फारशा आदराने पाहत नाही. नांदुऱ्याला ज्ञानगंगा आहे, तालुक्यातून पूर्णा वाहते. पावसाळा सरून गढूळ पाणी निवळले, की पूर्णेच्या डोहाकाठी दोन-चार पोरे हमखास दिसतात. हातात बांबूची काठी, दोरीला बुचाचा तुकडा, टोकाला कणकेची गोळी नाहीतर गांडूळ. वाटेने जाणारा म्हातारा पायही न थांबवता विचारतो, "लागली का मासोयी?" आणि उत्तराची वाट न पाहता पुढे निघून जातो. त्या प्रश्नातच त्याचा निकाल असतो. मासे धरणे हे भोयांचे काम. त्यांच्याकडे जाळे आहे, पाग आहे, नदीची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे. ज्याला मासा विकायचा नाही आणि घरी नेऊन शिजवायचाही नाही, त्याने काठी धरून अख्खा दिवस घालवावा, हे आपल्या हिशेबात बसत नाही.

साहेबाच्या हिशेबात मात्र ते फार व्यवस्थित बसते. माझ्या एका बालमित्राचा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडात असतो. एका वर्षी ऑफिसातल्या चौघा दोस्तांबरोबर तो आठवडाभर स्पेनला गेला. आपल्याला वाटावे, राजवाडे बघायला, समुद्रात डुंबायला. तसे काही नाही. ही मंडळी एब्रो नावाच्या नदीच्या काठी, मेकिनेन्सा गावाजवळ, घडीच्या खुर्च्या टाकून बसली. विमानाचे भाडे, मुक्कामाचे पैसे, गळाचा परवाना, वाटाड्याची मजुरी असा सगळा खर्च चौघांनी वाटून घेतला. पाचव्या दिवशी फोटो आला: चौघांनी मिळून आडवा धरलेला, माणसापेक्षा लांब, मिशाळ मासा. मित्राच्या घरी तो फोटो सगळ्यांनी पाहिला. मुलाच्या आजीने चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि फोनवर विचारले, "येवढा मासा खाल्ला कोनं?"

"खाल्ला नाही आजी, सोडून दिला."

"मंग गेले होते कायले?"

आजींचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. त्याचे उत्तर द्यायचे तर थोडे इंग्रजांच्या इतिहासात शिरावे लागते.

इंग्रजांनी गोड्या पाण्यातल्या माशांतही जातपात पाळली. सामन आणि ट्राउट हे खानदानी मासे. ते स्वच्छ, थंड, वाहत्या पाण्यात राहणार, आणि ते पाणी बहुधा कुणा जमीनदाराच्या मालकीचे असणार. उरलेले सगळे, म्हणजे रोच, ब्रीम, पर्च, पाइक, कार्प, हे 'कोर्स', म्हणजे भरड. जोंधळ्याच्या भरडीतला भरड. हे भरड मासे कालव्यात, गावतळ्यात, गिरणीमागच्या डबक्यातही मिळत. म्हणून ते गिरणीकामगारांच्या वाट्याला आले. एकोणिसाव्या शतकात शेफील्डसारख्या शहरांतले कामगार सुट्टीच्या दिवशी टोळीने आगगाडीत बसून कुठल्या तरी कालव्यावर जात आणि दिवसभर गळ टाकून बसत. आठवडाभर भट्टीपुढे राबलेल्या माणसाला पाण्याकडे बघत गप्प बसण्याची मुभा, हा त्या दिवसाचा खरा नफा. मासा हे निमित्त. याच शेफील्डचे खासदार मुंडेला यांनी १८७८ साली पार्लमेंटात कायदा करवून घेतला, की भरड माशांच्या विणीच्या काळात त्यांना कोणी हात लावायचा नाही. इंग्लंडातल्या नद्यांवर आजही १५ मार्च ते १५ जून गळ बंद असतो. खानदानी माशांना संरक्षण कधीच मिळाले होते. भरड माशांना ते कामगारांनी मिळवून दिले, हे मला या सगळ्या प्रकरणातले फार छान वाटते.

पुढे खाण्याचा प्रश्नच मागे पडला. पकडायचा, वजन करायचे, फोटो काढायचा, पाण्यात सोडायचा, अशी रीत पडली. तेच तळे, तेच मासे आणि तीच माणसे. काही माशांना तर नावे पडली. पीटरबरोजवळच्या एका तळ्यात 'बेन्सन' नावाची कार्प होती. तिला वेगवेगळ्या लोकांनी साठेक वेळा पकडून सोडले होते. २००९ साली ती मेली तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांनी तिच्यावर चक्क मृत्युलेख छापले. आपण हसू. पण ज्या माशाला साठ वेळा परत पाण्यात जाता आले, त्याला आपल्याकडच्या कुठल्या तळ्यात दुसरी संधी मिळाली असती, हेही मनात येतेच.

ही कार्प आपल्याला परकी नाही. धरणाच्या बाजारात 'सायप्रिनस' म्हणून जो सोनेरी झाक असलेला मासा मिळतो, तो तिचाच सख्खा भाऊबंद. तो १९५० च्या दशकात बाहेरून आणून आपल्या तळ्यांत सोडलेला. इंग्लंडातही तो मूळचा नव्हे. मध्ययुगात युरोपातून नेलेला. आणि मित्राच्या मुलाने एब्रोवर ज्याला कवेत घेतले तो मिशाळ वेल्ससुद्धा स्पेनचा नव्हे. तो मध्य आणि पूर्व युरोपातल्या नद्यांचा रहिवासी. १९७४ साली जर्मनीहून आलेल्या हौशी लोकांनी त्याची पिल्ले एब्रोत सोडली, इथे गळाला मोठा मासा लागावा म्हणून. मासा खरोखरच मोठा झाला, दोन-दोन मीटरांचा, शंभर किलोंच्या घरातला. त्याच्यामागून पर्यटक आले, हॉटेले आली, गळाची दुकाने आली. एब्रोतल्या मूळच्या लहानग्या माशांचे काय झाले, ते सुट्टीच्या फोटोत येत नाही. म्हणजे माणूस परदेशात गळ टाकायला गेला, आणि त्याच्या गळाला लागला तो दुसरा परदेशी.

इथवर ही दुसऱ्यांची गोष्ट आहे. पण हीच गोष्ट आपल्याकडेही घडली आहे, आणि तिचे एक टोक लोणावळ्याला आहे.

भारतात आलेल्या साहेबाला इथे सामन मिळेना. त्याने मग महासीर शोधला. खरे तर महासीर कार्पच्याच कुळातला. विलायतेत असता तर भरडांच्या पंगतीत बसला असता. पण त्याची ताकद पाहून साहेबाने त्याला सामनच्या शेजारी पाट मांडला. मद्रास इलाख्यातले मुलकी अधिकारी एच. एस. थॉमस यांनी १८७३ मध्ये भारतातल्या गळाच्या मासेमारीवर अख्खे पुस्तक लिहिले आणि महासीर हा सामनला हार जाणारा मासा नव्हे असे ठासून सांगितले. त्याच्याही आधी, १८३९ साली, कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतला महासीर शास्त्रात नोंदवला. हे साइक्स ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी. दख्खनची पाहणी करता करता त्यांनी इथल्या माशांचीही यादी केली. या यादीतली नावे वाचताना गंमत वाटते. खुद्री, कोळस, मळ्या, फुलंगी अशी नावे लॅटिनच्या शेपटाला बांधून सरळ लंडनला गेली आहेत. नदीकाठच्या माणसांनी ती सांगितली असणार, कारण साहेबाला ती स्वतःहून सुचणे शक्य नाही. त्यांतला खुद्री म्हणजे आपला दख्खनी महासीर. महाडजवळच्या वाळणकोंडीत तो देवीचा मासा म्हणून सांभाळला जातो, लोक त्याला कुरमुरे घालतात.

दक्षिणेतल्या कावेरीत त्याचा थोरला चुलत भाऊ राहतो. पाठीवर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा, नारिंगी पर. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या एकाने १९४६ साली काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा मासा गळाने काढला होता. स्वातंत्र्यानंतर साहेब गेले आणि हा मासाही जगाच्या विस्मरणात गेला. मग १९७७-७८ साली तीन इंग्रज तरुण दोस्त थॉमसच्या पुस्तकाच्या वाटेने भारतात फिरत फिरत कावेरीवर पोचले. मासा होता! त्यांनी मायदेशी जाऊन ते सांगितले, आणि इंग्लंडातले गळवाले सुट्टी काढून कर्नाटकात येऊ लागले. कावेरीकाठी भीमेश्वरी, गलिबोरे इथे सरकारी तळ उभे राहिले. जी गावची माणसे पूर्वी सुरुंग टाकून मासे मारीत, त्यांतलीच काही वाटाडे झाली आणि नदी राखू लागली. इथेही तोच शिरस्ता होता: पकडा, तोला, सोडा.

याच काळात लोणावळ्याला, टाटांच्या वळवण तलावाकाठच्या केंद्रात, एक मोलाचे काम चालू होते. आपल्याकडे धरणांमुळे आणि सुरुंगांमुळे दख्खनी महासीर कमी होत चालला होता. त्याची कृत्रिम पैदास करून पिल्ले वाढवण्याचे तंत्र महाराष्ट्राच्या मत्स्य खात्यातून निवृत्त झालेले डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी ओगले यांनी बसवले. त्या जिद्दीला नमस्कारच करायला हवा. पिल्ले हजारोंनी तयार होऊ लागली आणि १९७० च्या दशकात ती इतर राज्यांनाही दिली जाऊ लागली. त्यांतली काही कावेरीत गेली. कुणाच्या मनात काळेबेरे नव्हते. महासीर कमी झालाय, महासीर सोडू या, इतका साधा विचार. पण कावेरीचा महासीर वेगळा होता, आणि लोणावळ्याचा पाहुणा काटक निघाला.

हे उघडकीला कसे आले? सुट्टीवर आलेल्या हौशी माणसांच्या वह्यांतून. गलिबोरेच्या तळावर शिस्त होती, की कोणी किती तास बसला, काय लागले, वजन किती, हे रोज संध्याकाळी लिहायचे. १९९८ ते २०१२ पर्यंतच्या त्या नोंदी इंग्लंडातले एड्रियन पिंडर आणि केरळातले राजीव राघवन यांच्यासारख्या अभ्यासकांनी तपासल्या. निळसर पराच्या, म्हणजे आपल्याकडच्या महासीराची संख्या वर्षागणिक फुगत गेली होती. वशिंडवाला मात्र क्वचित लागत होता, आणि लागे तो मोठा, वयस्क; त्याची पिल्ले दिसेनाशी झाली होती. घरात म्हातारी माणसे उरली आहेत आणि पाळणा हलत नाही, असा तो प्रकार. त्यातून विचित्र गोष्ट अशी, की दीडशे वर्षे जगभर गाजलेल्या या माशाला शास्त्रात नावच नव्हते. २००७ साली केरळातल्या पांबार नदीतून नोंदलेला 'टॉर रेमादेवी' हाच तो, हे २०१८ साली सिद्ध झाले. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. नाव मिळायला आणि घरघर लागायला एकच गाठ पडली.

दरम्यान वन्यजीव कायद्याचा अर्थ लावता लावता अभयारण्यातला गळही बंद झाला होता. प्राण्याला करमणुकीसाठी टोचणे बरे नव्हे, या म्हणण्यात तथ्य आहे. पण तळ उठला, वाटाड्यांचे काम गेले, आणि दर संध्याकाळी भरली जाणारी वहीही मिटली. सोडून दिलेला मासा पाण्यात गेला तरी त्याची नोंद काठावर राहत होती, ती राहीनाशी झाली. आजींच्या प्रश्नाचे एक उत्तर या वहीत आहे, असे मला वाटते.

आता पुन्हा आपल्या तालुक्यात येऊ. पूर्णा सातपुड्यात बैतूल जिल्ह्यात उगम पावते, खारपाणपट्ट्यातून वाहत येते आणि चांगदेवला तापीला मिळते. मरळ, शिंगाळा, वाम हे तिचे जुने रहिवासी. पण तिच्या खोऱ्यातल्या धरणांत आणि गावतलावांत दरसाल जे मत्स्यबीज पडते ते कटला, रोहू, मृगळ यांचे. ही गंगेच्या खोऱ्यातली मंडळी. जोडीला सायप्रिनस, आणि १९५२ साली देशात आणलेली, आता कुठेही न बोलावता पोचणारी चिलापी. आफ्रिकेतल्या मांगूरवर २००० सालापासून बंदी आहे, तरी तो अधूनमधून कुठल्या तरी तळ्यात सापडल्याची बातमी येतेच. ही माणसे मत्स्यबीज सोडतात ती पोटासाठी. भोयांच्या सहकारी संस्था त्यावर चालतात, घरे चालतात. त्यांना कोणी शहाणपण शिकवायला जाऊ नये. कटला वर्षभरात किलोवर जातो, पूर्णेची मळ्या जन्मभर बोटाएवढी राहते. कर्जाचा हप्ता कोणत्या माशाने फिटतो हे उघड आहे.

पण नांदुरा तालुक्यातच पूर्णेवर जिगाव प्रकल्पाचे काम दशकानुदशके चालू आहे. गावे उठली, उठताहेत. तो पूर्ण भरेल तेव्हा त्यात कोणते बीज सोडायचे याची निविदा निघेलच, आणि ती इतर धरणांच्या निविदेची नक्कल असेल, अशी मला दाट शंका आहे. त्याआधी पूर्णेच्या डोहांत आज कोण कोण राहते, याची मोजदाद कोणी करून ठेवली तर बरे. त्याला फार काही लागत नाही. काठावर बसणारी ती पोरे आहेतच. दोनशे पानी वही, पेन्सिल आणि ताणकाटा दिला, की तारीख, डोह, मासा, वजन इतके ती सहज लिहितील. नावे सांगायला भोईवाड्यातली जुनी माणसे अजून आहेत. साइक्सला सांगितली तशी ती आपल्याही मुलांना सांगतील.

मागच्या बाजाराला मी मुद्दाम मासेवाल्यांच्या ओळीत शिरलो. कटला, रोहू आणि चिलापी बर्फावर रांगेने मांडलेली होती. पूर्णेचे काय आहे, असे एका बाईला विचारले. तिने पायाजवळची बादली पुढे सरकवली. तळाशी दोन मरळ होत्या, जिवंत, तोंडे वर काढून हवा घेत. भाव सगळ्यांत जास्त. विकत घेणारा माझ्या मागेच उभा होता.