हानखौ: वुहानच्या पोटातलं बंदर



वुहान हे नाव आपल्या घराघरांत पोचलं ते २०२० साली, कोरोनामुळे. २३ जानेवारीला ते शहर बंद झालं आणि ७६ दिवसांनी, ८ एप्रिलला उघडलं. आज आम्ही वुहानबद्दलच बोलणार आहोत, पण आजाराबद्दल नाही. त्या शहराच्या पोटात एक जुनं नदीकाठचं गाव आहे, हानखौ नावाचं. त्याची गोष्ट सांगायची आहे.

ही गोष्ट का निवडली, तेही सांगतो. गटांच्या बैठकांत सध्या कर्जाच्या हप्त्यांइतकाच हद्दवाढीचा विषय निघतो. गाव महापालिकेत गेलं तर नळाला पाणी येईल का, घरपट्टी किती वाढेल, ग्रामपंचायत नसली तर दाद कुणाकडे मागायची? आणि एखादी आजी हमखास विचारते, "आपल्या गावाचं नाव राहील का गं?" हानखौच्या गोष्टीत आपल्या घरपट्टीचं उत्तर नाही. पण गाव शहरात जातं म्हणजे काय काय होतं, हे तिथे नीट दिसतं.

चीनची सगळ्यांत मोठी नदी यांगत्से. तिला हान नावाची नदी येऊन मिळते. ह्या संगमावर तीन गावं समोरासमोर होती. यांगत्सेच्या एका काठावर वूछांग. तिथे तटबंदी, सरकारी कचेऱ्या, मोठे अधिकारी. दुसऱ्या काठावर हानयांग आणि हानखौ, आणि ह्या दोघांच्या मधून वाहणारी हान नदी. चिनी भाषेत 'खौ' म्हणजे मुख. हानखौ म्हणजे हान नदीचं मुख.

तिघांत हानखौ सगळ्यांत धाकटं. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात हान नदीने आपला प्रवाह बदलला. नव्या प्रवाहाच्या उत्तरेला सखल, दलदलीची जागा होती. राहायला वाईट, पण नावा लावायला फार चांगली, कारण यांगत्सेच्या जोराच्या पाण्यापासून तिथे आडोसा मिळायचा. आधी नावा आल्या, मग गोदामं, मग दुकानं. तांदूळ, मीठ, लाकूड, कापूस, औषधी मुळ्या, चहा, सगळं तिथे उतरायचं आणि तिथूनच पुढे जायचं. पुढे चीनच्या चार नामांकित बाजारगावांत हानखौची गणना होऊ लागली. तरीही सरकारदरबारी ते शेकडो वर्षं हानयांगच्या हाताखालचं एक गावच होतं.

मग एवढ्या मोठ्या गावाचा कारभार कोण बघायचं? बराचसा कारभार व्यापाऱ्यांची मंडळं बघायची. एकाच प्रांतातून आलेले किंवा एकच धंदा करणारे लोक आपलं मंडळ करायचे. मंडळ वजनमापं ठरवी, भांडणं मिटवी, गल्ल्या दुरुस्त करी, आग विझवायचे पंप ठेवी. धर्मादाय संस्था गरिबांना औषध देत, बेवारस प्रेताला पेटी देत. वर्गणी गोळा करायची, हिशेब ठेवायचा आणि एकमेकांच्या अडचणीला उभं राहायचं, हे आपल्याला नवीन नाही. फरक एवढाच की ती मंडळं व्यापाऱ्यांची आणि पुरुषांची होती. धक्क्यावर पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालांच्या टोळ्या वेगळ्या. कुठला धक्का कुणाचा, यावरून त्यांच्यात हाणामाऱ्या व्हायच्या, कारण धक्का गेला तर पोट गेलं.

पण हानखौचा खरा प्रश्न पाण्याचा होता. १६३५ साली एका अधिकाऱ्याने गावाच्या पाठीमागे लांब बांध घातला. बांधाच्या आत वस्ती, बाहेर पाणथळ जमीन. हळूहळू वस्ती बांधाला भिडली आणि बांधाचाच रस्ता झाला. आज त्या रस्त्याचं नाव 'लांब बांधाचा रस्ता' असंच आहे. पुढे ताइपिंग बंडात गावाची फार धूळधाण झाली, म्हणून १८६४ मध्ये व्यापाऱ्यांनी पैसे घालून तटबंदी उभी केली. चाळीसेक वर्षांत गाव तिच्याही बाहेर गेलं. तट पाडला, तिथे मोठा रस्ता झाला. १९०५ मध्ये झांग झिदोंग ह्या मोठ्या अधिकाऱ्याने आणखी दूर, आणखी उंच बांध घातला. त्याला लोक आजही 'झांगसाहेबांचा बांध' म्हणतात. म्हणजे बघा, गावाची जी वेस होती ती दर वेळी गावातला रस्ता झाली. हानखौला वुहानने पोटात घेतलं खरं, पण त्याआधी हानखौ स्वतः आजूबाजूची तळी आणि शेतं पोटात घेतच होतं.

मधल्या काळात परदेशी लोक आले. युद्धात हरलेल्या चीनकडून तह लिहून घेतले गेले आणि १८६१ मध्ये हानखौ बंदर परदेशी व्यापाराला उघडलं. इंग्रज, जर्मन, रशियन, फ्रेंच, जपानी अशा पाच देशांनी नदीकाठाचे तुकडे आपापल्या ताब्यात घेतले. तिथे कायदा त्यांचा, पोलीस त्यांचे. रशियन व्यापाऱ्यांनी वाफेच्या यंत्रावर चहाच्या विटा दाबायचे कारखाने काढले. चहाची भुकटी दाबून केलेल्या त्या विटा पार सैबेरियापर्यंत जायच्या. इंग्लंडलाही हानखौहून चहा जायचा. पुढे आसामचा आणि श्रीलंकेचा चहा वाढला आणि इंग्रज गिऱ्हाईक तिकडे वळलं. आपल्या कपातला चहा आणि हानखौचा धक्का यांचा असाही संबंध आहे.

१९११ मध्ये समोरच्या वूछांगला क्रांती सुरू झाली. राजाच्या सैन्याने हानखौ परत घेताना चिनी वस्तीला आग लावली. कित्येक दिवस गाव जळत होतं. १९२७ च्या जानेवारीत कामगार आणि सामान्य लोक इंग्रजांच्या हद्दीत घुसले आणि इंग्रजांना ती जागा परत द्यावी लागली. त्याच वर्षी तिन्ही गावांचं मिळून एक शहर केलं. वूछांगचा 'वू' आणि बाकी दोघांचा 'हान', असं झालं वुहान. पण ते टिकलं नाही, हानखौ पुन्हा वेगळं झालं. ती कायमची एक झाली मे १९४९ मध्ये.

त्याआधी एक आपला माणूस हानखौला जाऊन आला. जपानने चीनवर हल्ला केला तेव्हा भारतातून पाच डॉक्टरांचं पथक मदतीला गेलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. सप्टेंबर १९३८ च्या शेवटी हे पथक हानखौला पोचलं. जपानी फौज जवळ येत होती. पथक पुढे वरच्या भागाकडे गेलं आणि २५ ऑक्टोबरला हानखौ पडलं. कोटणीस परत आले नाहीत. जखमींची सेवा करत करत १९४२ मध्ये ते तिकडेच वारले.

आता पुराची गोष्ट, कारण शहरात गेल्याने काय मिळालं आणि त्याची किंमत कुणी दिली हे तिथे कळतं. १९३१ साली बांध फुटला. हानखौला पाण्याची पातळी २८.२८ मीटरवर गेली. महिन्याहून जास्त काळ गाव पाण्यात होतं. रस्त्यांवरून होड्या चालत होत्या आणि भुकेने, रोगराईने माणसं मरत होती. १९५४ मध्ये पाणी त्याहून जवळजवळ दीड मीटर वर आलं, २९.७३ मीटर. पण ह्या वेळी गाव बुडालं नाही. लाखो लोक बांधावर राबले, माती टाकत राहिले, आणि एक मोठं शहर, त्याची यंत्रणा, त्याचा पैसा पाठीशी होता. हानखौ एकटं असतं तर हे जमलं नसतं, असं आम्हाला वाटतं.

पण पाणी कुठेतरी जाणारच. नदीच्या वरच्या अंगाला जिंगजियांग इथे पुराचं पाणी बाजूला वळवायला १९५२ मध्ये दरवाजे बांधले होते. १९५४ च्या पुरात ते तीनदा उघडले. पाणी शेतांत गेलं, वस्त्यांत गेलं. यांगत्सेच्या त्या वर्षीच्या पुरात तीस हजारांहून जास्त माणसं गेली, ती बहुतेक गावांकडची. बांधाच्या आत असलेले वाचले, बाहेर असलेल्यांनी सोसलं. तीनशे वर्षांपूर्वी हानखौच्या पहिल्या बांधाबाहेरच्या माणसालाही हेच भोगावं लागत असणार.

आज कागदावर हानखौ नावाचा तालुका नाही, महापालिका नाही. त्या जागेवर वुहानचे तीन विभाग आहेत, त्यांची नावं वेगळी. पण रेल्वे स्टेशन हानखौच. लोक विचारलं की "मी हानखौची" असं सांगतात. कस्टम हाऊसचा १९२४ मधला घड्याळाचा मनोरा नदीकाठी उभा आहे. जुन्या हानझेंग रस्त्यावर १९७९ मध्ये शंभरेक बेकार माणसांना छोटी दुकानं मांडायची परवानगी मिळाली. बटणं, सुया, दोरे, कपडे विकता विकता तो पुन्हा मोठा घाऊक बाजार झाला. आणि सकाळी रस्त्यात उभ्याने खायच्या, तिळाच्या वाटणात कालवलेल्या गरम शेवया आज सगळ्या वुहानची ओळख आहेत. त्या मूळच्या हानखौच्या फेरीवाल्यांच्या.

तर आजीच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे: नाव सरकारी कागदावरून जाऊ शकतं, पण माणसं वापरत राहिली तर ते राहतं. आम्हाला त्याहून मोठा वाटतो तो दुसरा प्रश्न. शहरात गेल्यावर आपण बांधाच्या आत असू, ठीक आहे. पण आपलं सांडपाणी, आपला कचरा, आपल्या पुराचं पाणी मग कुणाच्या शेतात जाईल? हद्दवाढीच्या हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा पाण्याच्या नळाबरोबर हेही लिहून द्या. गटाच्या नावाने द्या, सगळ्यांच्या सह्यांनी द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.

आणि पुढच्या बैठकीला येताना आपल्या आळीचं, ओढ्याचं, बांधाचं जुनं नाव घरातल्या थोरल्या बाईला विचारून या. गटाच्या वहीत आपण ती सगळी लिहून ठेवू.